जांभळाची टाकी

माझी धाकटी बहीण बारावीला केमिस्ट्रीत नापास झाली, आणि मी गेली वीसेक वर्षं शेगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आम्हा दोघींत हुशार कोण, हा प्रश्न तिथेच मिटला असं मी धरून चालले होते.

आम्ही मूळच्या वडनेर भोलजीच्या. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. घरात दर पौर्णिमेला बुद्धवंदना व्हायची, आणि पंचशील नुसतं म्हणायचं नाही तर पाळायचं, हा बाबांचा दंडक होता. मी पहिल्या नंबरची, म्हणून बाबांची. सायकलवर पुढच्या दांड्यावर मी, मागे कॅरिअरवर दप्तरं, आणि धाकटी आईजवळ घरी. ती नापास झाली तेव्हा बाबा रागावलेही नव्हते. "तिचं तिला जमेल ते करेल," एवढंच म्हणाले होते. मला तेव्हा ते वाक्य फार आवडलं होतं. त्यात माझी जागा पक्की होती.

तिचं लग्न सोनाळ्याला झालं. सासरची संत्र्याची बाग, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. तिच्या नवऱ्याने नाशिककडे एका वाइनच्या कारखान्यात पाच-सहा वर्षं काम केलं होतं. गावी परत आला तेव्हा अर्धी बाग वाळली होती. त्या जागी त्याने काळी द्राक्षं लावली. लोक हसले. आम्हीही हसलो. मग एके दिवशी कॉलेजला निघताना तिचा फोन आला.

"ताई, आमी वाइन काढून राह्यलो."

"कायची वाइन?" मी विचारलं. एरवी मी शुद्ध बोलते, पण तिच्याशी बोलताना जीभ घसरतेच.

"द्राक्षायची. अन् जांभळाची बी. डोंगरातल्या बाया टोपलेच्या टोपले जांभळं आणतात ना, वाया जातात अर्धे. लायसन भेटलं आमाले."

"बाबाले सांगतलं?"

"तूच सांग ना व. तुयं ऐकतात थे."

मी सांगितलं. खोटं कशाला बोलू, आनंदाने सांगितलं. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे शेगावला राहत होते. त्यांच्यासाठी मी खालच्या मजल्यावर खोली काढली होती. संडास-बाथरूम आत, पायऱ्या चढायला नकोत, खिडकीबाहेर पारिजातक. सकाळी चहा देताना मी म्हटलं, "बाबा, तुमची धाकटी दारू गाळणार आहे." 'वाइन' नाही म्हटलं. मुद्दाम 'दारू' म्हटलं.

बाबा काही बोलले नाहीत. तीन दिवस बोलले नाहीत. मला वाटलं, आता तिच्या घराची पायरी ते चढत नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी पिशवीत दोन सदरे भरले आणि म्हणाले, "मला सोनाळ्याच्या गाडीत बसवून दे. पोरगी काय करते ते पाहून येतो."

"तुम्हाला चालतं ते?"

"प्यायला मी थोडाच चाललो," बाबा म्हणाले.

पाहून येतो म्हणाले ते आलेच नाहीत. आठ दिवसांनी फोन केला तर म्हणाले, "जांभळं येऊन राहिली आहेत, बाया वजनावरून भांडतात, मी काट्याजवळ बसतो." महिन्याने म्हणाले, "पाऊस उघडला की येतो." पाऊस उघडला तेव्हा तिथे पाहुणे यायला लागले होते.

पाहुणे म्हणजे अंबाबरव्याच्या जंगलात फिरायला येणारे लोक. वाघ दिसला नाही की संध्याकाळपर्यंत करायचं काय, म्हणून कुणीतरी बहिणीच्या वाइनच्या शेडपर्यंत आलं, त्याने फोटो टाकले, आणि मग दर रविवारी तीन-चार गाड्या यायला लागल्या. पुण्याच्या, नागपूरच्या, एखादी अकोल्याची. ती त्यांना बाग दाखवायची, शेड दाखवायची, मग बाभळीखाली टेबल मांडून चार प्रकार चाखायला द्यायची. हे मला बाबांनी फोनवर सांगितलं. इतकं सविस्तर बाबा माझ्याशी माझ्या पीएचडीबद्दलही कधी बोलले नव्हते.

शेवटी मी आणि माझे यजमान एका रविवारी गेलो.

वरवट बकालच्या पुढे डोंगर दिसायला लागतो. बागेच्या तोंडाशी पत्र्याचा बोर्ड, त्यावरचं अक्षर बाबांचं. शाळेच्या फळ्यावर लिहायचे तसंच गोल, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. मी गाडीतून उतरले आणि पहिलं तेच पाहिलं.

बहीण गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, साडी वर खोचून, हातात हंगामाआधी पिकलेल्या काळ्या द्राक्षांचा घड घेऊन उभी होती. समोर सात-आठ पाहुणे. त्यांत पुण्याच्या दोन बायका होत्या, कॉटनच्या कुडत्यातल्या, डोळ्यांवर मोठाले काळे चष्मे.

"मी तुमाले सांगतो," बहीण म्हणाली, "हे जे वरचं साल हाय ना द्राक्षाचं, सारा रंग त्याच्यात हाय. रस तं पांढराच निंघते. पाहा दाबून."

'मी सांगतो' ऐकून एक बाई हसली. आमच्याकडे बायकाही 'सांगतो', 'जातो' असंच म्हणतात. बी.एस्सी.ला असताना याच 'जातो'वरून अख्खं हॉस्टेल मला हसलं होतं. मी सहा महिन्यांत ते टाकून दिलं. आरशासमोर उभी राहून 'मला', 'तुला', 'सांगते', 'नाही' घोकलं होतं. आता ती बाई हसली आणि मला वाटलं, आता बहिणीचा चेहरा पडणार. पण त्या बाईने मोबाईल काढला आणि म्हणाली, "ताई, परत म्हणा ना, किती गोड बोलता तुम्ही! मला रेकॉर्ड करायचंय."

बहिणीने परत म्हटलं. पोटातून हसत म्हटलं.

मी यजमानांकडे पाहिलं. ते द्राक्ष दाबून पाहत होते.

शेडमध्ये स्टीलच्या चार टाक्या होत्या, माणसापेक्षा थोड्या उंच. बहीण एकेका टाकीवर हात ठेवून सांगत होती, जशी म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. साखरेची दारू कशी होते, बुडबुडे कशाचे येतात, टाकीत हवा शिरू का द्यायची नाही. किण्वन हा धडा मी दरवर्षी शिकवते. समीकरण लिहिते, पोरं उतरवून घेतात, निम्मी झोपलेली असतात. इथे लोक तोंड उघडं ठेवून ऐकत होते, आणि समीकरण एकही नव्हतं. तिने एक गोष्ट चुकीचीही सांगितली. मी तिथेच दुरुस्त केली.

"ही माझी ताई," ती लगेच सगळ्यांना म्हणाली. "केमिस्ट्रीची मॅडम हाय. मी जे चुकीन ते थे सुधरवते. लहानपणापासून."

सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करणार.

पण तो दिवस मला बोचला तो यातल्या कशामुळेही नाही. बाभळीखाली खुर्ची टाकून बाबा बसले होते. मांडीवर पांढरं फडकं, समोर पाण्याची बादली. ते काचेचे ग्लास धुऊन, पुसून, उन्हात धरून बघत होते डाग राहिला का. आमच्या घरी बाबांनी आपला चहाचा कप कधी मोरीपर्यंत नेला नव्हता. मी कधी नेऊही दिला नाही. आणि इथे ते दारूचे ग्लास पुसत होते.

"बाबा, हे काय करताय?"

"अगं, ग्लासाला साबणाचा वास राहिला तर चव बिघडते म्हणतात," ते म्हणाले. "बायांच्या हातून राहतो कधी कधी." आणि त्यांनी पुढचा ग्लास उचलला.

परत येताना यजमान म्हणाले, "बाबांची तब्येत सुधारली, नाही?" मी गाडीची काच वर केली.

मत्सर माणसाला काय काय करायला लावतो, हे मी त्या हिवाळ्यात शिकले. मी ठरवलं, खऱ्या वाइनऱ्या पाहायच्या. चांगल्या जुन्या, घरच्याच माणसांनी चालवलेल्या, पण नाव असलेल्या. म्हणजे मग मला ठामपणे म्हणता येईल की सोनाळ्याचं ते शेड म्हणजे काही नाही. दिवाळीच्या सुट्टीत यजमानांना म्हटलं, नाशिककडे जाऊ. त्यांना वाटलं लेणी पाहायला. तिथे पोचल्यावर मी कागद काढला, त्यावर तीन ठिकाणं लिहिलेली होती.

"तू पिणार?" यजमान म्हणाले.

"मी थुंकणार," मी म्हटलं. चाखून थुंकायची पद्धतच असते, हे मी वाचलं होतं. शील मोडत नाही, असं मी स्वतःला समजावलं होतं. यजमान थुंकले नाहीत. ते तिन्ही दिवस फार खूश होते.

पहिल्या ठिकाणी सासू-सुनेने बाग दाखवली. दुसऱ्या ठिकाणी नवरा बायकोला मध्येच थांबवून सगळं स्वतः सांगत होता, आणि बायको मागे उभी राहून आमच्याकडे बघून डोळे फिरवत होती. तिसऱ्या ठिकाणी एक म्हातारे गृहस्थ होते. मुलगा आणि सून धंदा पाहायचे, म्हाताऱ्याला फक्त हौस. मी वहीत लिहून घेतेय हे पाहून ते माझ्याजवळ आले.

"तुम्ही विकत घेणाऱ्यातल्या नाही," ते म्हणाले. "परीक्षा द्यायला आल्यासारख्या दिसता."

मी केमिस्ट्री शिकवते म्हटल्यावर ते आत गेले आणि दोन ग्लास घेऊन आले. दोन्हींत तीच लाल वाइन, तसाच रंग. "वास घ्या. एक चांगली, एक बिघडायला लागलेली. अजून कुणाला कळणार नाही अशी."

मी वास घेतला. डाव्या ग्लासात द्राक्ष होतं, थोडं लवंगेसारखं काहीतरी. उजव्यातही तेच होतं, पण त्याच्या मागे, अगदी मागे, नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा वास. मला त्याचं नावही माहीत होतं. हवा लागली की जिवाणू दारूचं आम्ल करतात, आणि त्या दोघांतून हा वास तयार होतो. प्रयोगशाळेत मी तो शेकडो वेळा घेतला होता.

"उजवा," मी म्हटलं.

म्हाताऱ्याने मान हलवली. "माझ्या मुलाला कळत नाही. सुनेला कळतं, पण उशिरा. तुमचं नाक फार चांगलं आहे, बाई. हा वास इतका हलका असतो तेव्हाच पकडला तर टाकी वाचते. पंधरा दिवस गेले की नुसतं व्हिनेगर, सिरका."

त्या क्षणी मला काय वाटलं? मला वाटलं, हे बाबांनी ऐकायला हवं होतं.

घरी आल्यावर मी हे बहिणीला सांगितलं नाही, बाबांनाही नाही. यजमानांनाही दटावून ठेवलं. नाशिककडच्या त्या तिन्ही जागा सोनाळ्यापेक्षा मोठ्या होत्या, फरशी गुळगुळीत होती, ग्लास महागाचे होते. पण मनात मला कबूल करावं लागलं होतं की बहीण बोलते तसं तिथे कुणीच बोललं नव्हतं. आणि तिची जांभळाची वाइन, पहिल्या खेपेला मी जी जिभेला लावून ठेवून दिली होती, तिची चव मला त्या तीन दिवसांत दोन-तीनदा आठवली होती.

डिसेंबरात बाबांचा वाढदिवस आला, म्हणून आम्ही पुन्हा सोनाळ्याला गेलो. रविवारच होता. पाहुणे नेहमीपेक्षा जास्त. बाबांसाठी मी स्वेटर नेला होता. बाबांच्या अंगावर नवा स्वेटर आधीच होता, बहिणीने विणलेला. एका बाहीला टाके सुटले होते. बाबांनी माझा स्वेटर पिशवीतून काढून पाहिला, "छान आहे, भारी आहे," म्हणाले आणि घडी घालून परत ठेवला.

मग फेरी सुरू झाली. शेडमध्ये जांभळाच्या टाकीपाशी बहीण थांबली. "आज तुमाले टाकीतून सरळ काढून देतो," ती पाहुण्यांना म्हणाली, "बाटलीत जायच्या आंधी कसं लागते थे पाहा." खालचा नळ सोडून तिने छोट्या छोट्या ग्लासांत भरलं, सगळ्यांना दिलं. मला देताना हात मागे घेतला आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "ताईले नोको. तिले तं वासही सहन होत नाई. लय सोवळी हाय आमची ताई."

लोक हसले. शेडच्या दाराशी बाबा उभे होते, तेही हसले. तोंडावर हात धरून, पण हसले.

मी तिच्या हातातून ग्लास घेतला. नाकाशी नेला.

वास होता. अगदी मागे, अगदी हलका. जांभळाचा तुरट गोडवा पुढे, आणि त्याच्या आड नेलपॉलिशचं पाणी. मी टाकीवर नजर टाकली. या टाक्यांचं झाकण आत वाइनवर तरंगत असतं, आणि कडेला सायकलच्या ट्यूबसारखी रबरी ट्यूब असते, हवा भरून फुगवलेली, म्हणजे फट राहत नाही. हवेचा दाब दाखवणारा छोटा काटा वर असतो. तो शून्यावर आला होता. ट्यूब कुठेतरी गळत होती. आजच्या आज नवी ट्यूब टाकली असती, जिवाणू रोखणारं औषध टाकलं असतं, तर टाकी वाचली असती.

पाहुणे "वा, काय चव आहे" म्हणत पुढे गेले. बहीण मागे राहिली. आता ती हसत नव्हती. माझ्या कानाशी येऊन तिने हळूच विचारलं, "ताई, तुले कसं वाटते व? मले सकाळपासून जराशी शंका येऊन राह्यली. तुया केमिस्ट्रीच्या नाकानं सांग."

तिने विचारलं होतं. थट्टेत नाही, मनापासून. आणि मला पुढचं वाक्य माहीत होतं. पण दारात उभे असलेले बाबा माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहत होते. त्यांच्या अंगावर तो सुटलेल्या टाक्यांचा स्वेटर होता.

"छान आहे," मी म्हटलं. "काही शंका नाही."

तिचा चेहरा मोकळा झाला. तिने माझा दंड दाबला आणि पाहुण्यांमागे पळाली.

पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. वर्गात उभी असताना मध्येच थांबायची. पोरं एकमेकांकडे बघायची. तीन वेळा फोन हातात घेतला. एकदा लावलासुद्धा, तिने उचलला, मागे गाड्यांचे आवाज, ती ओरडून म्हणाली, "ताई, पाहुणे हायत, मंग लावतो," आणि मला हायसं वाटलं. तिने मग लावला नाही. मीही लावला नाही. रोज एक दिवस जात होता आणि त्या टाकीत काय चाललं असेल ते मला रसायनासकट ठाऊक होतं. त्या काळात मी बहिणीपेक्षाही माझाच राग राग केला. पण फोन केला नाही, हे खरं.

जवळजवळ तीन आठवड्यांनी बाबांचा फोन आला. आवाज बारीक.

"जांभळाची टाकी गेली," ते म्हणाले. "झाकण उघडलं तर डोळ्यांत पाणी यावं असा वास. ती दोन दिवस जेवली नाही. तू येतेस?"

मी एकटीच बसने गेले. शेडचं दार उघडं होतं. बहिणीचा नवरा टाकीचं झाकण उतरवून ती रबरी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता, पंक्चर काढतात तसं. बहीण भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. बाबा तिच्या शेजारी उलट्या ठेवलेल्या क्रेटवर.

मला पाहून ती म्हणाली, "काऊन आली व ताई, काई राह्यलं नाई पाहाले." मग जरा वेळाने, "तू तं छान हाय म्हटलं होतं ना. म्हून मी झाकण उघडून पाह्यलं नाई. हे म्हणत होते, उघडून पाहू. मी म्हटलं, ताईनं वास घेतला, ताईले कळत नाई का? आमच्यापेक्षा जास्त कळते तिले."

ती मला दोष देत नव्हती. ती स्वतःचीच समजूत घालत होती. तिला वाटत होतं, ताईलाही कळलं नाही म्हणजे ते कळण्यासारखं नव्हतंच.

मी तिथून तसंच परत येऊ शकले असते. आयुष्यभर कुणालाही कळलं नसतं.

"मला कळलं होतं," मी म्हटलं.

तिघांनीही वर पाहिलं.

"त्या दिवशीच कळलं होतं. काटाही पाहिला होता मी. सांगितलं नाही."

"काऊन?" बहिणीने विचारलं. राग नव्हता आवाजात, अजून आला नव्हता. तिला खरोखरच समजलं नव्हतं.

मी काय सांगणार होते? की तू 'सांगतो' म्हणतेस आणि लोक तुझा आवाज रेकॉर्ड करतात? की बाबा तुझे ग्लास पुसतात? मी म्हटलं, "मला तुझा मत्सर वाटतो." हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला. तो पुस्तकातला वाटला. म्हणून मग आमच्या भाषेत म्हटलं, "जळतो मी तुयावर. लय दिवसापासून."

ती उठली. मला वाटलं मारते. तिने कोपऱ्यातली बादली उचलली, टाकीच्या नळाखाली धरली, भरली, आणि बाहेर जाऊन खड्ड्यात ओतली. मग पुन्हा आली, पुन्हा भरली. माझ्याकडे पाहिलं नाही. पाच-सहा बादल्या झाल्यावर मी दुसरी बादली उचलायला गेले तर म्हणाली, "हात नोको लावू."

तिच्या नवऱ्याने तिला थांबवलं. "सारी नोको फेकू," तो म्हणाला, "सिरका म्हून तरी कामी येईन." तेव्हा ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

बाबा मला बागेच्या तोंडापर्यंत सोडायला आले. बोर्डापाशी थांबले.

"मी इकडे येताना पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलाची काळजी करत होतो," ते म्हणाले. "ती मी करायला नको होती. खोटं बोलू नये, हे चौथं आहे. ते तुला मी पहिल्यांदा शिकवलं होतं."

"तुम्ही इथे का राहता बाबा?" मी विचारलं. इतक्या महिन्यांत विचारलं नव्हतं. "मी काय कमी केलं होतं?"

बाबांनी बोर्डावरची धूळ बोटाने पुसली. गुरुजी होते ते, उत्तर माहीत नसताना बोलत नसत. "तू सगळं करून ठेवलं होतंस," ते म्हणाले. "मला करायला काही उरलंच नव्हतं."

बस आली.

सहा महिने बहीण माझ्याशी बोलली नाही. पौर्णिमेला नाही, नातेवाइकाच्या लग्नात नाही. तिथे मला पाहून तिने खुर्ची बदलली. बाबांचा फोन यायचा, तब्येत कशी, पोरांचे निकाल कसे, आणि ठेवून द्यायचे. यजमानांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला. तिने त्यांना आदराने सांगितलं, "भाऊजी, तुमी याच्यात नका पडू." मी चिठ्ठी लिहिली. उत्तर आलं नाही. मला वाटायला लागलं होतं की हे असंच राहणार, आणि ते बरोबरच आहे.

जांभळं संपता संपता, जुलैत, मोबाईलवर तिचा निरोप आला. एकच ओळ. "रविवारी ये. साऱ्या टाक्यायचा वास घेऊन सांग. खरं सांगशीन तं ये."

मी गेले. तिने बस, पाणी, काही विचारलं नाही. हातात ग्लास दिला आणि टाकीच्या नळाखाली धरायला सांगितला. मी वास घेतला, सांगितलं. दुसरी. तिसरी. ती वहीत लिहून घेत होती. शेवटची झाल्यावर म्हणाली, "दुसऱ्या अन् चवथ्या रविवारी येत जा," आणि आत गेली. तेवढंच.

तेव्हापासून मी जाते. महिन्यातून दोनदा, सकाळची बस. कॉलेजातल्या बायका विचारतात, बहिणीकडे इतकं काय असतं? मी सांगते, टाक्यांचा वास घ्यायला जाते, आणि त्यांना ती गंमत वाटते. आता बहीण बोलते माझ्याशी. पहिल्यासारखं नाही, जरा जपून. कधी कधी मध्येच माझ्या चेहऱ्याकडे पाहते, मी काही लपवत तर नाही ना, असं. ते सहन करायचं मी शिकले आहे.

बाबा तिथेच आहेत. मध्यंतरी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे चार दिवस आले होते. मी त्यांना रोज भाजी निवडायला दिली, भांडी पुसायला दिली, पेपरचे गठ्ठे बांधायला दिले. त्यांनी मुकाट्याने केलं. चौथ्या दिवशी पट्टी निघाल्या निघाल्या विचारलं, सोनाळ्याची गाडी किती वाजता आहे.

मत्सर गेला का? नाही गेला. लोक अजून तिच्याभोवती गोळा होतात आणि मी शेडच्या आत वहीपाशी असते. गेल्या रविवारी मी एका टाकीचा वास घेत होते आणि बहीण दहा-बारा पाहुणे घेऊन आत आली. नागपूरची मंडळी होती, फार हौशी. ती त्याच टाकीपाशी येऊन म्हणाली, "आता ही आमची सगळ्यात चांगली."

"तिला सडक्या अंड्याचा वास येतोय," मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. "आजच नळातून काढून थोडी हवा द्यावी लागेल, नाहीतर वास राहून जाईल."

पाहुण्यांपैकी एकाने हातातला ग्लास खाली ठेवला. बहिणीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला माहीत होतं की पाहुणे बाहेर जाईपर्यंत थांबता आलं असतं, पाच मिनिटांनी काही बिघडणार नव्हतं. मी खरं बोलले होते, आणि बोलताना मला मजा आली होती, हेही खरं.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला दोन्ही कळलं, असं मला वाटलं.

"हाव," ती म्हणाली आणि पाहुण्यांकडे वळली. "आयकलं ना? आमच्या इथी असं हाय. चला, दुसरी दाखवतो तुमाले."

मी बाही वर केली आणि नळ सोडायला वाकले.